रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे वैराग्य

ले. एक कीर्तनकार, आखाडा बाळापूर



या पानांवर ज्यांची चरित्रे येतात त्यांच्या गळ्यात बहुधा तुळशीची माळ असते. या खेपेस ज्यांचे चरित्र मांडायचे योजले आहे त्यांच्या गळ्यात ती कधी नव्हती. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. तरी वारकऱ्याने त्यांचे नाव आदराने घ्यावे असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे. तुकोबारायांवर त्यांची निष्ठा होती हे त्याचे एक कारण. पण त्याहून मोठे कारण असे की, पैसा आणि मरण या दोन गोष्टींशी त्यांनी आयुष्यभर झुंज घेतली, आणि ती झुंज कशी झाली हे आपल्यासारख्यांनी पाहण्याजोगे आहे.

टिळक म्हटले की लोकमान्य आठवतात. हे ते नव्हेत. आडनाव एक, काळही एकच, पण वाटा निराळ्या. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली कोकणात करजगावी झाला. वडील सरकारी नोकर, स्वभावाने कडक. आई मायाळू, देवभोळी, आणि कवितेचे वेड मुलाला तिच्याकडूनच आले. ती लवकर गेली. आई गेली आणि पोराचे घरातले मन उडाले. शिकायचे म्हणून तो घरातून बाहेर पडला तो पायी चालत नाशिकास पोचला. खिशात काही नव्हते. खिसाच नव्हता म्हटले तरी चालेल.

नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. पोट माधुकरीवर. आता माधुकरी काय हे नव्या पोरांना सांगावे लागते. झोळी घेऊन पाच घरी जायचे, शिजलेले अन्न मिळेल ते घ्यायचे, नाही मिळाले तर तोंड वाईट न करता पुढच्या घरी जायचे. आळंदीस आणि इतर ठिकाणी ज्यांनी पूर्वी अध्ययन केले त्यांना ही झोळी ठाऊक आहे. झोळी माणसाला दोन प्रकारे घडविते. कुणाला ती लाचार करते, कुणाला मोकळे करते. टिळकांना तिने मोकळे केले. उद्या काय खायचे हा प्रश्न लहानपणीच दुसऱ्याच्या, म्हणजे देवाच्या, हवाली करून टाकल्यामुळे पुढे त्यांना तो पडेनासा झाला. हा गुण होता. आणि संसारात पडल्यावर हाच त्यांचा अवगुणही झाला, ते आता सांगतो.

1880 च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. मुलगी गोखल्यांची, नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरची. माहेरचे नाव मनू, सासरचे लक्ष्मी. वय अकराबारा. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. त्यांनी उतारवयात स्मृतिचित्रे नावाचे आत्मचरित्र लिहिले आणि त्यामुळेच टिळकांचा संसार आपल्याला घरात बसल्यासारखा दिसतो. बाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांच्याइतके नितळ मराठी शिकलेल्यांनाही लिहिता आले नाही. वारकरी बायकांनी ते पुस्तक मिळवून वाचावे, नाही तर कुणाकडून वाचून घ्यावे. हसू येते आणि हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आले ते कळत नाही.

त्या पुस्तकात टिळकांचे जे रूप आहे ते असे. एका गावी नोकरी धरायची, चार महिन्यांनी सोडायची. मुरबाड, वणी, नागपूर, आणखी कुठे कुठे. बायकोला माहेरी ठेवून निघून जायचे, कुठे गेलो ते कळवायचे नाही. हातात पैसा आला की तो संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नाही. दारी कुणी रडत आला की होते नव्हते ते देऊन मोकळे. किराणा आणायला गेलेला माणूस भलतेच काही घेऊन हसत घरी यायचा, आणि चुलीपाशी बसलेल्या बाईने काय शिजवायचे हे तिचे तिने पाहायचे. राग शीघ्र, रुसवा शीघ्र, पुन्हा प्रेमही तितकेच उतू जाणारे.

आता कीर्तनात असल्या माणसाचे वर्णन केले की लोक मान डोलावतात. वा, काय विरक्त पुरुष! मला तसे वाटत नाही. शास्त्रकारांनी वैराग्याचे प्रकार सांगितले आहेत. स्मशानात उपजते आणि घरी येईपर्यंत विरते ते स्मशानवैराग्य. या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारते ते मर्कटवैराग्य. टिळकांचे या काळातले वागणे पैशाबद्दलची बेफिकिरी होती. तिचे मोल दुसरेच माणूस देत होते. तुकोबांच्या चरित्रात महिपतीबुवांनी एक गोष्ट सांगितली आहे, ती आपण कीर्तनातून नेहमी ऐकतो, पण तिचा एक बारकावा सुटतो. सावकारीची खते इंद्रायणीत बुडविण्याआधी तुकोबांनी त्यांच्या वाटण्या केल्या. धाकट्या कान्होबाचा वाटा कान्होबाला दिला. आणि आपल्या वाट्याची खते तेवढी पाण्यात सोडली. भावाचा वाटा भावाला न विचारता बुडविला नाही. त्याग करायचा तो आपल्या वाट्याचा. तरुण टिळकांना ही वाटणी अजून जमली नव्हती.

नागपुरास ते अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास राहिले. बुटी म्हणजे मोठे धनाढ्य घराणे. तिथे संस्कृत ग्रंथांचे काम, ऋषि नावाचे मासिक, विद्वानांची ऊठबस. सगळे होते. गरिबीत वाढलेल्या या पंडिताने श्रीमंती इथे अगदी जवळून पाहिली. पण मनाला स्वस्थता नव्हती. वेदान्त वाचलेला, जातिभेद मनाला पटेना, धर्म नवा मांडावा असे विचार. पहिली मुले हातची गेलेली. एकंदरीत घराबाहेर मान होता आणि आत पोकळी होती.

अशा स्थितीत 1893 साली ते राजनांदगावास निघाले. राजनांदगाव हे छत्तीसगडातले लहानसे संस्थान, आणि गंमत अशी की तिथले राजे वैष्णव बैरागी महंतांच्या परंपरेतले. बैराग्याच्या गादीवर राज्य! आगगाडीच्या डब्यात टिळकांना एक गोरा गृहस्थ भेटला. त्या काळी गोऱ्याने नेटिव्हाशी डब्यात नीट बोलणे हीच नवलाची गोष्ट. तो आदराने बोलला, धर्मावर बोलला, आणि उतरताना बायबलातल्या नव्या कराराची प्रत हाती देऊन गेला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असेही म्हणाला म्हणतात. त्याचे नाव टिळकांना पुढेही कधी कळले नाही.

त्या पुस्तकात मत्तय नावाच्या शिष्याने लिहिलेले चरित्र पहिले आहे आणि त्याच्या पाचव्या अध्यायापासून तीन अध्याय येशूचे डोंगरावरचे प्रवचन आहे. टिळक तिथे अडकले. वारकऱ्यांना ते परके वाटणार नाही म्हणून थोडे सांगतो. येशू हा सुताराच्या घरचा. त्याचे शिष्य मासे धरणारे कोळी. डोंगरावर बसून तो गोरगरिबांना सांगतो की दीन माणसे धन्य आहेत, कारण देवाचे राज्य त्यांचे आहे. पाखरे पेरीत नाहीत, कापीत नाहीत, तरी त्यांना देव खाऊ घालतो. रानातल्या फुलांना तो राजापेक्षा सुंदर नेसवितो. तेव्हा उद्याचा घोर आज लावून घेऊ नका. देवाची आणि धनाची चाकरी एकाच वेळी होणार नाही, दोनापैकी एक मालक निवडावा लागेल.

दुसऱ्या ठिकाणी त्याने एक दृष्टान्त दिला आहे. एका श्रीमंत शेतकऱ्याला अमाप पीक आले. कोठारे पुरेनात. तो म्हणाला, जुनी कोठारे पाडतो, मोठी बांधतो, मग वर्षानुवर्षे खातो पितो. त्याच रात्री त्याचे बोलावणे आले. आमच्या हिंगोली-वसमत भागात हळद पिकते. पोती घरात रचून भावाची वाट पाहत बसलेले लोक आम्ही दर साल पाहतो. भावाची वाट पाहणे हा काही गुन्हा नाही, कास्तकाराने ते केलेच पाहिजे. दृष्टान्तातल्या शेतकऱ्याचे चुकले ते कोठाराच्या हिशेबात मरण धरायचे राहिले तिथे. मरणाला विसरल्यावाचून धनाचा गर्व करता येत नाही, असा या बोधाचा रोख आहे. आपल्या ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात हीच गोष्ट निराळ्या अंगाने आली आहे, आणि टिळकांना ते उपनिषद पाठ होते.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. यात योग्य काय, अयोग्य काय, हा वाद इथे मांडायचा नाही. मी वैदिक परंपरेत वाढलो, मला ते पाऊल आवडले असे म्हटले तर खोटे होईल. पण त्यांनी काय गमावले ते पाहावे. जात गेली, आप्त गेले, स्नेही तोंड फिरवू लागले, आणि ज्या बाईने इतका उपास सोसला ती बायको लहानग्या दत्तूला घेऊन दूर झाली. पैशाच्या लोभाने धर्म सोडला असा आरोप तेव्हा सर्रास होई. टिळकांच्या बाबतीत तो लागू पडत नाही. विद्वत्तेच्या जोरावर त्यांना राजेरजवाड्यांकडे यापेक्षा बरे मिळाले असते.

लक्ष्मीबाई त्या काळात काही दिवस कुठे राहिल्या असतील? आपल्या पंढरपुरात. थोरली बहीण भिकूताई आणि मेव्हणे नानासाहेब पेंडसे यांच्या आश्रयाने. कडक सोवळे, वेगळी चूल, आणि मनात नवऱ्याचा ध्यास. टिळकांची पत्रे यायची. साधारण पाच वर्षे हा वियोग चालला. शेवटी त्या मुलासह नगरला टिळकांकडे गेल्या. तरी सोवळे सोडले नाही, पाणीही वेगळे. मग हळूहळू, कुणी बळजबरी न करता, त्यांचे त्यांनाच विटाळ-चांडाळाचे भूत खोटे वाटू लागले. 1900 साली त्याही ख्रिस्ती झाल्या.

नगरच्या (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) मुक्कामात टिळकांच्या स्वभावातली ती जुनी उधळण एका कामाला लागली. ते छप्पनच्या दुष्काळाचे दिवस. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, इकडेही तीच दैना. गावेच्या गावे ओस, रस्त्यावर पोरकी पोरे. टिळक अशी पोरे घरी आणीत. लक्ष्मीबाई त्यांना न्हाऊमाखू घालीत, खाऊ घालीत. पाठोपाठ प्लेग. आपले सख्खे माणूस टाकून लोक रानात पळत होते, तेव्हा या नवराबायकोने आजाऱ्यांची उस्तवार केली. घरात पैसा तेव्हाही नव्हता. पण आता एक फरक पडला होता. देणारे दोघे होते. पूर्वी टिळक द्यायचे आणि लक्ष्मीबाईंचे जायचे. आता लक्ष्मीबाईही आपल्या हाताने देत होत्या.

ते नगरला ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकवीत. 1904 साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ज्ञानोदय या मिशनच्या पत्राचा मराठी भाग त्यांनी संपादला. कवी म्हणून कीर्ती महाराष्ट्रभर झालेली. फुलामुलांचा कवी म्हणत त्यांना. जुन्या पिढीने शाळेत त्यांची केवढे हे क्रौर्य ही कविता पाठ केलेली असेल. बाण लागलेली एक पक्षीण तडफडत, पडत उठत घरट्यापाशी येते, चोचीतला घास पिलांपुढे ठेवते आणि प्राण सोडते. मास्तर शिकवताना वर्गात रडत असत असे मी जुन्या माणसांकडून ऐकले आहे. मरणाच्या दारात त्या पाखराला आपल्या जखमेचे काही वाटत नाही, घास पोचला पाहिजे एवढेच वाटते. टिळकांच्या मनात मरणाचे चित्र कसे होते ते यातून कळते.

आता तुकोबांविषयी. टिळक ख्रिस्ती झाले तरी गाथा त्यांच्या हातून सुटली नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून चालत ख्रिस्ताच्या पायापाशी आलो, अशा अर्थाचे ते उघड सांगत. काही मिशनरी मंडळींना ते रुचत नसे. टिळकांना त्याची पर्वा नव्हती. ख्रिस्ताची भक्ती विलायती चालीच्या गाण्यांनी मराठी माणसाच्या हाडीमाशी खिळणार नाही, तिला अभंग पाहिजे, टाळ पाहिजे, कीर्तन पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांचे ख्रिस्तावरचे अभंग अभंगांजली या नावाने प्रसिद्ध आहेत. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत त्यांची पदे आजही गातात. ओवीत ख्रिस्तचरित्र गाण्याची वाट तशी जुनी. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने गोव्यात राहून क्रिस्तपुराण रचले आणि ते 1616 साली छापले गेले, म्हणजे तुकोबा तेव्हा लहान मूल होते. टिळकांनी 1909 साली ख्रिस्तायन लिहायला घेतले ते या वाटेवरचेच पाऊल.

एवढे सगळे होऊन मनाला एक काटा सलत होता. पगार. मिशन त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार देई. काम उपदेशाचे आणि वेतन ठरलेले. टिळकांच्या ध्यानात आले की लोक आपले ऐकतात, पण मनात म्हणतात, याला याचे पैसे मिळतात. या देशात धर्म सांगणाऱ्याकडे माणूस आधी त्याच्या झोळीकडे पाहतो. बंगल्यात राहणारा, पगार घेणारा धर्मोपदेशक कितीही खरा असला तरी त्याचा शब्द आत उतरत नाही. दरिद्री ख्रिस्ताची कथा श्रीमंत संस्थेच्या पगारावर सांगावी लागते, ही विसंगती त्यांना सोसेना.

सज्जनहो, ही गोष्ट त्या एकट्या धर्माची नाही. आम्हा कीर्तनकारांची आहे. सप्ताह ठरवायला मंडळी येतात तेव्हा पहिले बोलणे तारखेचे, दुसरे बिदागीचे. काही ठिकाणी तर आधी बिदागी, मग तारीख. जाण्यायेण्याचा खर्च आहे, मृदंगवाला, टाळकरी आहेत, घरी चूल आहे, हे सगळे मान्य. पण ज्या तुकोबांनी हरिकथेचा विक्रा करू नये म्हणून बजावले त्यांच्याच अभंगावर निरूपण करून पाकीट मोजून घेताना ऐकणाऱ्याच्या मनात टिळकांच्या श्रोत्यांसारखाच विचार येत असेल, यात मला शंका नाही. योगायोग पाहा. 1917 हेच साल. त्याच साली आळंदीत जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली, मुलांना फी न घेता परमार्थाचे शिक्षण मिळावे म्हणून. आणि त्याच साली टिळकांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. दोघांना एकमेकांची वार्ता असेल नसेल.

वय तेव्हा पंचावन्न उलटलेले. दोन तपांच्या जवळपासची नोकरी. म्हातारपणाची सोय बघायच्या वयात हा गृहस्थ मिळकत सोडतो आणि आपण संन्यासी झालो म्हणतो! साताऱ्यास राहून त्यांनी देवाचा दरबार नावाची मंडळी सुरू केली. तिचा नियम असा की ख्रिस्तावर प्रीती करणारा कुणीही आत यावा, त्याचा बाप्तिस्मा झालेला असो की नसो. पगारी कुणी नाही. देवाने जे दिले त्यात निभवायचे. म्हणजे नाशिकची माधुकरी परत आली. फरक इतकाच की पोरपणी ती नशिबाने आली होती, आता बोलावून आणली.

ख्रिस्ती परंपरेत अशा माणसांची एक जुनी ओळ आहे. इटली देशात असिसी नावाच्या गावी सातशे-आठशे वर्षांपूर्वी फ्रान्सिस नावाचा कापड व्यापाऱ्याचा मुलगा होता. बापाने पैशावरून त्याला धर्माध्यक्षापुढे उभे केले, तेव्हा त्याने अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून बापाच्या पुढ्यात ठेवले आणि चालता झाला. पुढे महारोग्यांची सेवा केली, भिक्षा मागितली, दारिद्र्याला तो आपली नवरी म्हणायचा. 1226 साली मरण जवळ आले तेव्हा त्याने आपल्याला उघड्या जमिनीवर निजवायला लावले, आणि मृत्यूला बहीण म्हणून हाक मारली. आपल्याकडे शेवटच्या घटकेला माणसाला भुईवर घेतात, हातरीवर ठेवीत नाहीत. तिकडे त्याने तेच मागून घेतले. आपले म्हणून ज्याने काही ठेवलेच नाही त्याचे मरणाने काय न्यायचे? दारिद्र्य आणि मरण यांची सांगड ही त्या परंपरेत अशी आहे, आणि टिळक संन्यासी झाले ते या दोन्ही घरांचे वारस म्हणून. एक घर असिसीचे, एक देहूचे.

पण मी मघाशी जो प्रश्न उभा केला तो इथे पुन्हा येतो. लक्ष्मीबाईंचे काय? संन्यास एकट्याचा असतो, पगार घराचा असतो. तुकोबांच्या घरी जिजाईने जे सोसले त्याचा हिशेब आपण कीर्तनात विनोदाने संपवतो. तिला कजाग ठरवून मोकळे होतो. हा अन्याय आहे. रानात भाकरी घेऊन जाणारी ती, पोरे उपाशी झोपवणारी ती. लक्ष्मीबाईंना मात्र स्वतः लिहिता आले. नवऱ्याचे दोष त्यांनी झाकले नाहीत, आणि त्याच्यावरची भक्तीही झाकली नाही. टिळकांच्या या दुसऱ्या त्यागाला मी पहिल्यापेक्षा वेगळे का म्हणतो ते सांगतो. पहिल्या खेपेस ते घर सोडून जात आणि बाई मागे राहत. या खेपेस बाई बरोबर होती. तिला ते सोपे गेले असे कुणी समजू नये. पण नगरच्या दुष्काळात आणि प्लेगात तिने दारिद्र्याशी आपले स्वतःचे नाते जोडून घेतले होते, आणि त्यामुळे टिळकांची झोळी तिला सर्वस्वी परकी राहिली नव्हती. संसारी माणसाच्या वैराग्यात घरच्या माणसाचा वाटा असा विचारात घ्यावा लागतो. टिळकांना हे समजायला पस्तीस वर्षे लागली, आणि पुरते समजले की नाही याचीही मला शंकाच आहे.

दरबाराला जेमतेम पावणेदोन वर्षे मिळाली. ती वर्षे मरणाचीच होती. त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणजे बालकवी, त्यांचे नाव ऐकून असाल. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात हा कोवळा पोरगा पुढे आला आणि पुढे टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणून मुलासारखा सांभाळला. लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया दिली. तो 5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात गाडीखाली सापडून गेला. वय सत्तावीस-अठ्ठावीस. त्याच वर्षी मानमोडीचा ताप आला. घरोघर प्रेते, जाळायला लाकूड पुरेना. त्या साथीच्या गोष्टी आमच्याकडचे म्हातारे माझ्या लहानपणी सांगत. अशा दिवसांत मरणाविषयी बोलणे म्हणजे नुसती पोथी वाचणे राहत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेत मरण हे दार आहे. येशू स्वतः तरुण वयात वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला अशी त्यांची श्रद्धा. मरणाच्या आदल्या रात्री त्याने बागेत देवाला प्रार्थना केली की शक्य असेल तर हा प्याला टळू दे, पण माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. हा भाग मला स्वतःला फार थोर वाटतो. भीती वाटली नाही असे सोंग त्यात नाही. भीती वाटली, घाम फुटला, आणि तरी मान तुकविली. आपल्याकडे संतांच्या मरणाची वर्णने करताना आम्ही सगळे इतके सुगंधी करून टाकतो की साध्या माणसाला आपल्या भीतीची लाज वाटू लागते.

1919 च्या उन्हाळ्यात टिळकांचे दुखणे बळावले. मुंबईस सर जे. जे. इस्पितळात त्यांना ठेवले. गोरगरिबांचे सरकारी इस्पितळ, तेच त्यांना साजेसे होते. मागे ठेवायला घरदार, ठेव, दागिना असे काही विशेष नव्हते. वह्या होत्या, अपुरे ख्रिस्तायन होते, दरबारातली थोडी माणसे होती, आणि लक्ष्मीबाई होत्या. 9 मे 1919 रोजी त्यांनी देह ठेवला. बालकवींच्या वर्षश्राद्धाला चार दिवस उलटले होते. टिळकांचे वय सत्तावन्न.

ख्रिस्ती लोकांत दफन करतात. टिळकांनी आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी इच्छा करून ठेवली होती. तशी ती पाळली गेली. अस्थी नगरला नेल्या. आयुष्यभर त्यांच्यावर आरोप होता की हा माणूस आपल्या लोकांना सोडून गेला. शेवटी तो आपल्या बापजाद्यांच्याच रीतीने गेला. चितेवर ब्राह्मण जळाला म्हणावे की ख्रिस्ती, याचा निवाडा ज्याला करायचा त्याने करावा. राख एकच असते.

देवाचा दरबार त्यांच्यामागे फार दिवस टिकला नाही. असल्या मंडळ्या एका माणसाच्या प्राणावर चालतात. हे तुमच्या आमच्या गावातल्या फडांनाही लागू आहे, पण तो विषय पुन्हा कधी.

लक्ष्मीबाई मात्र सतरा वर्षे राहिल्या. मुंबईस मुलींच्या वसतिगृहात त्यांनी काम केले, मग मुलगा देवदत्त याच्याबरोबर कराचीस राहिल्या, शेवटी नाशिकास आल्या. ज्या नाशिकात टिळक झोळी घेऊन फिरले होते तेच नाशिक. तिथे त्यांनी स्मृतिचित्रे लिहिली. आणि टिळकांचे ख्रिस्तायन पुढे चालविले. टिळक अवघे दहाअकरा अध्याय रचून गेले होते. ज्या बाईला लग्नाच्या वेळी अक्षर येत नव्हते, तिने वयाची पन्नाशी उलटल्यावर त्याला चौसष्ट अध्याय जोडले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या वारल्या. ख्रिस्तायन 1938 साली छापून निघाले.